एकशे अठरा बिटं आणि एक न निघणारा स्क्रू

खटपट्या
मंडळी, डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय. (स्क्रूचं आधी, माझं नंतर.)

कपाटाचं एक दार खाली लोंबायला लागलं होतं. दारात गोल वाटी बसवलेली असते ना, त्या प्रकारची बिजागरी आहे. तिची पट्टी कपाटाच्या बाजूच्या फळीला जिथे बसते तिथला वरचा स्क्रू हलतोय असं दिसलं. 'पाच मिनिटांचं काम आहे' असं घरात जाहीर करून बसलो. हाताशी नवाकोरा मल्टिबिट संच, म्हणजे एकाच मुठीत वेगवेगळी टोकं (बिटं) बदलून वापरायचा स्क्रूड्रायव्हर. एकशे अठरा बिटं, रॅचेटवाली मूठ, वाकणारा दांडा, चिमटा, चकचकीत पेटी. त्यातलं फुलीचं दोन नंबरचं बिट काढलं आणि फिरवलं. बिट खाचेतून उडालं. दाबून फिरवलं, परत उडालं. चौथ्या खेपेला डोक्यातून चंदेरी कीस पडला आणि फुलीची गोल वाटी झाली. आता दार धड लागत नाही आणि धड निघतही नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मल्टिबिट घेताना बघायचं तरी काय? एकशे अठरातलं एकही कामाचं निघू नये?
दुसरं, हा निघालाच तर त्याच्या जागी काय घालू? माझ्याकडे पंधरा वर्षांच्या उरल्यासुरल्या स्क्रूंचा एक डबा आहे. घरच्यांच्या मते तो भंगारात जायला हवा. ठेवावा का? ठेवला तर कसा?

पक्कडराव
आधी हातातलं सगळं खाली ठेवा. त्याच पट्टीवर दुसरा स्क्रू असेल, अजून शाबूत असलेला. त्यावर टॉर्च मारा. फुलीच्या चार हातांच्या मधल्या जागेत चार बारीक रेघा दिसतात का?

खटपट्या
थांबा, बघून सांगतो.

खटपट्या
आहेत! मी इतकी वर्षं त्यांना ओरखडे समजत होतो.

पक्कडराव
तिथेच गाडी अडली. तो फिलिप्स नाही, पोझिड्राइव्ह आहे. बिटावर पीएच लिहिलं असेल तर फिलिप्स आणि पीझेड लिहिलं असेल तर पोझी. तुमच्या संचात पीझेड २ नक्की असणार, पेटीत शोधा. दोन्ही फुलीच, म्हणून आपण जे हाताला लागेल ते लावतो.

फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर दोन्ही बिटं शेजारी धरा. पीएचच्या पाकळ्या टोकाकडे निमुळत्या होत जातात. पीझेडच्या पाकळ्यांच्या कडा जवळजवळ सरळ उतरतात, टोक बोथट असतं आणि पाकळ्यांच्या बेचक्यांत चार छोटे कंगोरे असतात. पीएचचं बिट पोझीच्या खाचेत घातलं की आत जातं खरं, पण भिंतींना पूर्ण टेकत नाही, डुगडुगतं. जोर लावला की वर चढून बाहेर. उलटं केलंत, म्हणजे पीझेडचं बिट फिलिप्सच्या स्क्रूत घातलंत, तर ते कंगोरे आड येतात आणि बिट तळापर्यंत पोचतच नाही. तयार फर्निचरच्या बिजागऱ्यांवर बहुतेक पीझेड २ च असतो.

आता काढायचा कसा. पीझेड २ लावा, मुठीच्या मागे तळहात टेकवून अंगाचा भार द्या आणि मग हळूच फिरवा. आधी दाब, मग पीळ. रॅचेट बंद, दांडा सरळ, वाकणारा दांडा तर लांबच ठेवा. नाही धरलं तर मध्ये रुंद रबरबँडचा तुकडा ठेवून त्यावरून बिट दाबा. तेही नाही जमलं तर डोक्याची कड पट्टीच्या वर आहे का बघा. असेल तर पक्कड. ड्रिल शेवटी.

वाचनमात्र
वाखु (वाचनखूण) साठवली. आज घरातल्या सगळ्या दारांवर टॉर्च फिरणार.

आटेगणित
पक्कडरावांशी सहमत, फक्त एक अवांतर. फिलिप्सचं बिट उडतं ते मुद्दाम तसंच बनवलंय, कारखान्यात यंत्राने स्क्रू जास्त आवळला जाऊ नये म्हणून. १९३६ साली कॅडिलॅक गाड्यांच्या जुळणीत हा स्क्रू आला तो त्यासाठीच.

मळसूत्र
आटेगणित, कॅडिलॅक आणि १९३६ बरोबर. पण 'मुद्दाम उडतं' ही गोष्ट नंतर चिकटलेली आहे. हेन्री फिलिप्सच्या मूळ पेटंटांत याचा उल्लेख नाही. तिथे भर होता तो यंत्राचं टोक खाचेत आपोआप मधोमध बसावं यावर, कारण सरळ खाचेत ते होत नाही. उडण्याचा गुण म्हणून उल्लेख येतो तो १९४९ च्या सुधारित पेटंटात. शिवाय मूळ कल्पनाही फिलिप्सची नव्हती, त्याने ती जॉन थॉम्पसन नावाच्या माणसाकडून विकत घेतली होती.

आणि खाच घट्ट धरण्याचाच प्रश्न असेल तर कॅनडाच्या रॉबर्टसनने १९०८ मध्येच चौकोनी खाच काढली होती. बिट त्यात असं बसतं की स्क्रू आडवा धरला तरी पडत नाही. त्याची रंगखूणही सुरेख आहे. एक नंबर हिरवा, दोन लाल, तीन काळा. कॅनडात अजून सर्रास दिसतो. तुमच्या एकशे अठरात चौकोनी टोकाची तीन बिटं असतील आणि 'ही कशाला' असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, ती ही.

आटेगणित
दंडवत. १९४९ माहीत नव्हतं, माझी गोष्ट मागे घेतो.

निळीशाई
इतिहास छान, पण खटपट्यांचा पहिला प्रश्न बाजूलाच राहिला. माझं मत सांगते. बिटांची संख्या हा संच निवडायचा सर्वात वाईट निकष आहे. घरात पीएच २, पीएच १, पीझेड २, एक पाच-सहा मिमी रुंदीचं सपाट बिट आणि टॉर्क्सची (सहा टोकांच्या चांदणीची) टी १०, टी १५, टी २०, टी २५ ही चार, एवढ्यांतच बहुतेक काम होतं. एकशे अठरातली उरलेली एकशे दहा बिटं वर्षातून एखाद्याच वेळी लागतात. त्या एकदासाठी ती असावीत, पण म्हणून रोजची आठ मऊ पोलादाची नसावीत. बिटावर एस २ असा शिक्का शोधा. ते कठीण पोलाद असतं, कडा लवकर गोल होत नाहीत. दांड्याला क्रोम व्हॅनेडियम चालतं.

पीएच २ चं बिट दर वर्षी उजेडात धरून बघावं. पाकळ्यांच्या कडांवर चमकदार गोलाई दिसली की ते फेकायचं. झिजलेलं एक बिट धडधाकट दहा स्क्रू नासवतं.

माप दोन प्रकारचं असतं. मोठ्या बिटांची षटकोनी शेपटी ६.३५ मिमी, म्हणजे पाव इंच. घड्याळ-लॅपटॉपवाल्या बारीक बिटांची ४ मिमी. मूठ घ्याल ती यातल्या कशासाठी आहे ते बघून घ्या. मी दोन वेगळ्या ठेवल्यात. एकाच मुठीत दोन्ही कामं करायला गेलं की बारीक स्क्रूला हात जड होतो.

खालचा मुद्दा मात्र कोणी सांगत नाही, म्हणून जरा लांबवते. इस्त्री, ट्रिमर, छोटा पंखा, अशा वस्तूंचे स्क्रू प्लास्टिकच्या खोल नळीच्या तळाशी असतात. पाव इंची बिट पकडणारं तोंडच दहा-अकरा मिमी जाड असतं, ते त्या नळीत शिरत नाही. २५ मिमीचं बिट तळापर्यंत पोचत नाही. ५० मिमीचं घेतलं तरी कधी कधी अडतं. तिथे मल्टिबिट कितीही भारी असो, उपयोग शून्य. जुना, एकसंध, बारीक लांब दांड्याचा पीएच १ लागतोच. माझ्या पेटीत मल्टिबिट एक आणि असे साधे दोन आहेत. साधे दोन कोणालाही उसने देत नाही.

सांदीकोपरा
निळीशाईताई, उसने न देण्याला +१.
मी मुठीत बिटं साठवणारं नको म्हणतो. झाकण हरवतं आणि मग पंख्याच्या वर चढलेलं असताना बिटं डोक्यावर पडतात.

निळीशाई
@सांदीकोपरा, म्हणूनच मी जुन्या पद्धतीचं सहा-एकमध्ये घेतलंय. दोन दुतोंडी बिटं आणि ती ज्या नळीत बसतात ती नळीही दुतोंडी. बिट काढलं की नळीच्या तोंडांनी पाव इंची आणि पाच-सोळांश इंची नट फिरवता येतात. सांडायला काही नाही.

ओहम
स्विचबोर्ड उघडायला मल्टिबिट वापरू नका. बिटापासून दांड्यापर्यंत सगळा उघडा धातू असतो, आणि कित्येकांत तो मुठीतही खोल जातो. प्लास्टिकची मूठ म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. विजेच्या कामाच्या ड्रायव्हरवर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट लिहिलेलं असतं. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०९००. दांडाही टोकापर्यंत झाकलेला असतो. आणि तो हातात असला तरी मुख्य स्विच आधी बंद करायचाच.

खटपट्या
निघाला!! पीझेड २ लावून पहिल्या प्रयत्नात नाही धरलं, मध्ये कापडी कड असलेलं रबर ठेवलं आणि गुडघा कपाटाला टेकवून दाबला. 'कट्' असा आवाज आला आणि सुटला. जो स्क्रू मी 'ढिला' समजत होतो तो घट्ट होता, हलत होती ती पट्टी. लाज वाटली, पण निघाला.

लांबी १३ मिमी, जाडी मोजपट्टीवर सहा मिमीच्या वर. टोक बोथट आहे, आटे जाड. लाकडाच्या स्क्रूसारखा दिसत नाही. डोकं गेलंय, परत वापरणार नाही. आता डब्याचं सांगा.

मळसूत्र
तो ६.३ मिमीचा फर्निचरचा स्क्रू. ५ मिमी व्यासाच्या आधीच पाडलेल्या भोकात जातो. कपाटाच्या बाजूला आतून वरपासून खालपर्यंत ३२ मिमी अंतराने भोकांची रांग असते, कप्प्यांच्या फळ्या वरखाली करायला, त्याच मापाचं ते भोक. साधा लाकडी स्क्रू त्यात सैल बसेल.

सांदीकोपरा
डब्याबद्दल मला बोलू द्या, माझ्याकडे असे सात होते.

माझा पक्ष असा: सुटे स्क्रू ठेवावेतच, पण मिसळलेला डबा म्हणजे नसलेला डबा. रात्री साडेदहाला एक एम ४ (चार मिमी जाडीचा, नटात बसणारा) हवा असतो, तुम्ही चटईवर अख्खा डबा ओतता, अर्ध्या तासाने जवळपास तसाच दिसणारा सापडतो, तो दोन फेरे आत जातो आणि अडतो. तिसरा फेरा जबरदस्तीचा. नटाचे आटे गेले.

मी एका सुट्टीत सातही डबे उपसले. सर्वात आधी काय फेकलं ते सांगतो, कारण तिथेच अर्धा ढीग गेला. डोकी गेलेले (हे आपण परत डब्यात का टाकतो, देव जाणे), गंजलेले, वाकलेले, आणि जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू. काळे दिसायला तगडे असतात, पण ठिसूळ. बिजागरीला लावलात तर दाराच्या वजनाने डोकं कटकन तुटतं आणि दांडा लाकडात अडकून राहतो. ते बोर्डालाच ठेवा.

उरलेल्यांचे तीन ढीग. टोकदार, म्हणजे लाकडात जाणारे. बोथट, सारख्या जाडीचे, म्हणजे नटात किंवा आटे पाडलेल्या भोकात जाणारे. आणि तिसरे पत्र्यात-प्लास्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडणारे. हे तीन वेगळे झाले की शोधणं दहा पट सोपं होतं, मापाची चिठ्ठी नसली तरी.

आटेगणित
बोथट ढिगातले ओळखायची युक्ती माझ्याकडून. माहीत असलेला एक स्क्रू आणि अनोळखी एक, दोघांचे आटे एकमेकांत अडकवून खिडकीकडे धरा. मधून उजेड आला नाही तर आट्यांचं अंतर एकच. उजेडाची पाचर दिसली तर वेगळं. मोजायचंच असेल तर दहा आट्यांचं अंतर मोजा: एम ३ ला ५ मिमी, एम ४ ला ७, एम ५ ला ८, एम ६ ला १०.

हे फार कामाला येतं ते कॉम्प्युटरच्या स्क्रूंना. डब्यात दोन सारखे दिसणारे असतात, एक एम ३ आणि एक इंची ६-३२ (सहा नंबरी जाडी, इंचाला बत्तीस आटे). मोठी हार्डडिस्क ६-३२ घेते, छोटी एम ३. जाड आट्यांचा छोट्या डिस्कमध्ये पिळलात तर डिस्कच्या भोकाचं कल्याण. मी केलंय.

कागदीनौका
लॅपटॉपवाल्यांसाठी. उघडायच्या आधी एका पुठ्ठ्यावर खालच्या बाजूचं ढोबळ चित्र काढा, जिथे स्क्रू तिथे टोचा मारून त्याच जागी स्क्रू रोवा. एकाच लॅपटॉपमध्ये ४ मिमी आणि ८ मिमी लांबीचे शेजारी शेजारी असतात. मागच्या वर्षी मी लांबडा चुकीच्या जागी आवळला, हाताला थोडा जास्त जोर लागला तेवढंच कळलं, आणि टचपॅड गेला. आत टोक रुतलं होतं.

आणि प्लास्टिकमध्ये परत स्क्रू घालताना आधी उलटा फिरवा, म्हणजे सोडवायच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने. एका जागी तो किंचित खाली पडल्यासारखा होतो, बोटांना 'टक्' जाणवतं. तिथे जुना आटा सुरू होतो. तिथून सुलट फिरवायचं. नाही तर दर वेळी नवा आटा पडतो, तिसऱ्या खेपेला भोकात पकडच उरत नाही.

वाचनमात्र
ही 'टक्'वाली युक्ती आत्ता रिमोटवर करून बघितली. खरंच जाणवतं!

जपूनजपून
मी उलट मताची. सात डबे, तीन ढीग, पुठ्ठ्यावर चित्रं, हे सगळं हौशी लोकांचं. घरात दहा वर्षांत किती स्क्रू लागले? मी एकच छोटी पेटी ठेवते. लाकडाचे साडेतीन बाय १६ आणि चार बाय ३० (मिमीत, जाडी बाय लांबी), एम ४ चे २० आणि ३० लांबीचे नट-वॉशरसह, आणि भिंतीचे सहा आणि आठ मिमीचे प्लग. ड्रॉवरच्या मुठीला एम ४ लागतो, टीव्हीच्या छोट्या ब्रॅकेटलाही एम ४ लागतो. बाकी वेळ आली की आणायचं.

सांदीकोपरा
@जपूनजपून, मोठ्या टीव्हीला एम ६ किंवा एम ८ लागतो, एम ४ वर टांगू नका. बाकी तुमची पेटी मला मान्य आहे, फक्त साडेतीन बाय १६ बरोबर पत्र्याचे २.९ आणि ३.५ चे आखूड घाला, मिक्सरपासून पंख्याच्या जाळीपर्यंत लागतात.

पण वेळ आली की आणायचं हे मात्र नाही पटलं. काही स्क्रू परत मिळतच नाहीत. तयार कपाटाच्या पाकिटात दोन जास्तीचे येतात, ते डब्यात टाकू नका. चिकटपट्टीने त्याच कपाटाच्या आत, वरच्या फळीच्या खालच्या बाजूला चिकटवा. पंख्याचे पंख्याच्या बैठकीखाली. मोडीत काढलेल्या वस्तूचे स्क्रू मी वस्तूच्या नावाची चिठ्ठी घालून पारदर्शक पाकिटात ठेवतो. माझे सात डबे असे दोन झाले. माप माहीत नसलं तरी 'जुन्या इस्त्रीचे' एवढं पुरतं.

निळीशाई
हे मान्य. फळीखाली चिकटवायची कल्पना आज अमलात आणते.

रात्रपाळी
घाईत आहे, एक विचारतो. टेबलफॅनच्या पात्याची मधली चकती सुटत नाहीये. डावीकडे फिरवतोय, आणखी आवळतेय. तेल घातलंय.

पक्कडराव
उजवीकडे फिरवा. तिचे आटे बहुधा उलटे असतात, पंखा फिरताना ती सुटू नये म्हणून. सायकलच्या डाव्या पेडललाही तसंच. तेल पुसून टाका.

रात्रपाळी
सुटली. अर्धा तास उलटाच आवळत होतो.

खटपट्या
मंडळी, डबा चटईवर ओतला. सांदीकोपरा यांचे तीन ढीग केले. काळे आणि डोकी गेलेले मिळून दोन मुठी बाहेर. घरचे दारात उभे राहून बघत होते, कोणी काही बोललं नाही.

आणि बोथट ढिगात तोच ६.३ चा जाड स्क्रू सापडला! कधीचा, कुठला, माहीत नाही. पण लांबी १६ आहे, मूळचा १३. घालू का? फळी १८ मिमीची आहे.

मळसूत्र
फळीची जाडी नका बघू, भोकाची खोली बघा. ते आरपार नसतं. काडी आत टेकवून नखाने खूण करा आणि मोजा.

खटपट्या
तेरा. पट्टीची जाडी दोनच्या आसपास.

मळसूत्र
म्हणजे आत जाणार चौदा, जागा तेराची. तसाच आवळलात तर टोक तळाला टेकेल आणि डोकं बसल्यासारखं वाटेल, पण पट्टी हलतच राहील. टोक बोथटच आहे, कानशीने तीन मिमी घासून काढा. आधी त्यावर एक नट चढवा, मग घासा, मग नट उलटा काढून घ्या, म्हणजे शेवटचा आटा साफ होतो.

आटेगणित
६.३ च्या फर्निचर स्क्रूला कुठला नट बसणार हो काका? त्याचे आटे नटाचे नाहीत.

मळसूत्र
बरोबर पकडलंत. सवयीने लिहून गेलो, तो सल्ला एम मापाच्या स्क्रूंसाठी. इथे नुसतं घासा आणि कड कानशीने गोल करा.

खटपट्या
घासला. पक्कडीत धरून, दर दोन मिनिटांनी बोटं भाजत. बसवला. पट्टी हलत नाही. दार लोंबत नाही. पण बंद केल्यावर वरच्या बाजूला दोन दारांमध्ये बोटभर नाही, पण नखभर फट दिसतेय, खाली नाही.

निळीशाई
आता पट्टीला हात लावू नका. वरच्या बिजागरीच्या दांड्यावर दोन स्क्रू दिसतील. दाराच्या जवळचा जो आहे, त्याने दार डावी-उजवीकडे सरकतं. एका वेळी पाव फेरा द्या आणि दार लावून बघा. फट वाढली तर उलटा. तोही पीझेड असण्याची शक्यता आहे, रेघा बघून बिट लावा.

खटपट्या
रेघा आहेत. पीझेड २, तीन पाव फेरे. फट गेली. उरलेला एक १६ चा स्क्रूही सापडला होता, तो चिकटपट्टीने वरच्या फळीखाली लावलाय.